रावसाहेबांची अठरावी लेव्हल

मित्रांनो, मी एक जुना गेम कंट्रोलर आहे. माझी बटणं झिजून गुळगुळीत झाली आहेत. आम्रपालीने मला खडकीच्या क्वार्टर्समध्ये आणलं, तेव्हा ती कॉलेजात होती. तीन वर्षं आम्ही दोघांनी मिळून राक्षस मारले. पुढे तिला नोकरी लागली आणि मी टीव्हीखालच्या खणात धूळ खात पडलो.

गेल्या वर्षी तिच्या वडिलांना, रावसाहेबांना, अर्धांगवायूचा झटका आला. कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवलेला माणूस, पण डावा हात ऐकेना. डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामाला मऊ चेंडू दिला. दोन दिवस दाबून रावसाहेबांनी तो कपाटात टाकला. तेव्हा आम्रपालीने मला पुसून त्यांच्या हातात दिलं.

खेळ असा होता: शत्रू मारला की अनुभवाचे गुण मिळत. पुरेसे साठले की लेव्हल वाढे, आणि आपल्या योद्ध्याला ताकद, ढाल, दम यांपैकी हवं ते वाढवून देता येई. रावसाहेबांनी सगळं ताकदीत घातलं. दहाव्या लेव्हलला ते पुलावरच्या राक्षसासमोर गेले आणि एका फटक्यात मेले. एकदा नाही, सात वेळा. डावा अंगठा ढाल उचलेपर्यंत राक्षसाची गदा डोक्यात बसलेली असे.

"द्या, मी मारून देते," म्हणत आम्रपालीने मला ओढून घेतलं. दोन मिनिटांत राक्षस आडवा.

रावसाहेब म्हणाले, "छान. आता माझे व्यायामही तूच कर."

तिने मान खाली घातली, राक्षस मरण्याआधीचा, सेव्ह करून ठेवलेला खेळ उघडला आणि मला परत दिलं.

"माझा हात हळू आहे," रावसाहेब म्हणाले, "तर हळू हाताला चालेल असा गडी घडवू."

जंगलातला एक लांडगा बारा गुणांचा. रोज सकाळी चहा झाला की ते वीस लांडगे मारत, आणि लेव्हल वाढली की फक्त दम आणि ढाल वाढवत. अंगठा माझ्यावरून घसरला, तर उजव्या हाताने उचलून पुन्हा जागेवर ठेवत. असे अडीच महिने गेले.

अठराव्या लेव्हलला, एका रविवारी, ते पुलावर गेले. आम्रपाली शेजारी बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून. गदा आदळली. योद्धा डगमगला, पण उभा राहिला. दुसऱ्या वेळी ढाल वेळेवर वर आली. दहा मिनिटं लागली, पण राक्षस पडला.

"पप्पा, पुढे डोंगर आहे," ती हळूच म्हणाली. "तिथले लांडगे दुप्पट मोठे."

"एकाचे गुण किती?"

"तीस."

"मग चल."

मित्रांनो, माझ्या फटींतली धूळ अधूनमधून पुसा, एवढं मागणं तर आहेच. पण कुणाची बोटं माझ्यावर सावकाश फिरत असतील, तर मला त्याच्या हातातून ओढून घेऊ नका. शेजारी बसा आणि त्याला वेळ लागू द्या.