लिननबाई

“बाबांना लिनन आणलंय,” मुलगी पिशवी उघडत म्हणाली, आणि लिननबाईंच्या कपाळाला आठी पडली.

रुग्णालयाच्या कपड्यांच्या खोलीत त्यांचा जन्म गेला होता. चादरी, अभ्रे, पडदे, डॉक्टरांचे झगे, सगळ्याला तिथे एकच नाव. मळलेलं लिनन, धुतलेलं लिनन, फाटलेलं लिनन. बाईंचं खरं नाव कामावरची माणसं केव्हाच विसरली होती. आता त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर नवरा खाटेवर पडून होता, आणि पोरगी बापासाठी लिनन घेऊन आली होती. इथे काय कमी होतं?

पिशवीतून फिकट निळा शर्ट निघाला. लिनन म्हणजे जवसाच्या काडीच्या धाग्याचं कापड, अंगाला गार लागतं, असं मुलीने समजावून सांगितलं. आपल्या खोलीतलं तर सगळं सुती, बाईंच्या मनात आलं. म्हणजे इतकी वर्षं हाताळलं त्यात लिननची चिंधीसुद्धा नव्हती. हसू यायला हवं होतं, आलं नाही.

नवऱ्याला मात्र आलं. “जन्मभर लोकांचं लिनन धुतलंस, आता माझं धू,” तो म्हणाला. त्याला शर्ट लगेच घालायचा होता. बाईंनी साफ नकार दिला. इथे घातला की गठ्ठ्यात जाणार, उकळत्या पाण्यात पडणार. घरी जाताना घाला म्हणाल्या. शर्टाला पडलेली सुरकुती तळहाताने दाबून त्यांनी घडी घातली आणि कपाटात ठेवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाचं ताट तसंच राहिलं आणि तो गेला.

बाईंनी कपाटातून शर्ट काढला. मुलीने बाही धरली, बाईंनी त्याचा हात आत सरकवला. बटणं लावली, वरचं सोडून. गळ्याशी घट्ट त्याला कधीच चालायचं नाही. शर्ट चुरगळला होता, तो तसाच राहू दिला. परवाच घालू दिला असता तर काय बिघडलं असतं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

नर्स दाराशी आली. नेहमीचंच विचारायचं, पण आज तिला जड गेलं. “बाई, लिनन काढून घेऊ ना?”

बाईंनी नवऱ्याच्या अंगावरची चादर ओढली, सवयीने कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी केली आणि तिच्या हातात दिली.

“चादर घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “लिनन राहू दे.”