सैल माती

सर फोनवर "सापडली!" म्हणाले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

कातळाच्या फटींत उगवणारी ती कंदाची वनस्पती तीन वर्षं कुणाला दिसली नव्हती. या पाहणीत दिसली तर कातळ वाचणार, नाहीतर तिथे दगडखाण होणार, सुरुंग लागणार. पाहणीचे साहेब उद्या यायचे आणि ही बया नेमकी आज उगवली? इतका सोयीचा योगायोग माझ्या वाट्याला तरी कधी आलेला नाही.

बरं, ती फट मी आठच दिवसांपूर्वी गुडघे टेकून तपासली होती. शेवाळ, बोटभर वाळू, बाकी काही नाही. सरांच्या गच्चीत मात्र याच जातीच्या कुंड्या आहेत, बियांपासून वाढवलेल्या. मी मुद्दाम काकूंना फोन लावला.

"एक कुंडी रिकामी आहे खरी," काकू म्हणाल्या. "मांजरानं पाडली, असं हे म्हणत होते."

मांजर! चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला थाप मारायला मांजरच सापडलं. मला संताप आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. मी त्यांच्याच हाताखाली शिकले होते, आणि अहवालावर सही माझी लागणार होती.

सकाळी सगळे यायच्या तासभर आधी मी एकटीच कातळावर गेले. फटीत दोन पानं आणि एक पांढरं फूल. कुंडीतला कंद गोल वाढतो, फटीतला दगडात दाबला जाऊन चपटा होतो. बघायचं तर उपटायलाच हवं होतं. मी उपटला.

चपटा होता. अगदी फटीच्या मापाचा, मुळांत वर्षानुवर्षांचं शेवाळ गुंतलेलं. काही कंद जमिनीखाली वर्षंच्या वर्षं झोपून राहतात, हे मला सरांनीच शिकवलं होतं. कसाबसा तो परत खोचला, वाळू दाबली, बाटलीतलं पाणी ओतलं.

साहेब आले. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. फट दाखवायला त्यांनी हात पुढे केला, तेव्हा मनगटावर मांजराचे ताजे ओरखडे दिसले.

साहेबांनी वाकून बोटानं माती उकरली. "ही तर आत्ताच लावलीय, सर."

सर माझ्या मातीनं भरलेल्या नखांकडे बघत होते.

"साहेब, मी उपटली होती," मी म्हणाले. "खात्री करायला. कंद बघा ना, चपटा आहे. इथलाच आहे तो."

"तुम्ही सरांच्या विद्यार्थिनी ना?" साहेब हसले. "कंदातलं मला काही कळत नाही, बाई. सैल माती कळते."

आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.