सत्यभामाचा गंज

पंचफुलाने मडक्यातलं कढण पळीपळीने पितळी गंजात ओतलं. लाखोळीची डाळ, मूठभर कण्या, ठेचलेला लसूण. झाकण ठेवताना तिचा हात अडखळला.

गंज तिच्या मैत्रिणीचा, सत्यभामाचा. पंचफुलाच्या बाळंतपणात आणि पुढे ती तापाने पडली तेव्हाही सत्यभामाने याच गंजातून कढण पाठवलं होतं. पंचफुलाही गंज रिकामा परत करत नसे. पण त्यात घालायची ती चिंच, अंडी, नाहीतर वाळल्या मिरच्या. शिजवलेलं कधीच नाही. बौद्ध होऊन वीस वर्षं झाली, तरी आपल्या चुलीवरचं त्या घरात खपणार नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. भाताच्या रोवण्याच्या चिखलात दोघी शेजारी वाकून जगातल्या सगळ्या गोष्टी बोलायच्या, एवढी एक सोडून.

काल मात्र तापाने फणफणलेल्या सत्यभामाने तिचा हात धरला होता.

"तुह्या घरचं कढण आण. माह्या कढणाची मले शिसारी आली."

पंचफुला हो म्हणून बसली आणि जिवाला घोर लावून घेतला. सत्यभामाने नुसतं ओठाला लावून ठेवलं, तर पुढच्या रोवण्यात तिच्या शेजारी उभं कसं राहायचं?

ओसरीवर सत्यभामाची सासू, गोदावरीबाई बसली होती.

"काय आणलं वो?"

चिंच म्हणावं, गंज ठेवावा आणि निघून यावं, असं पंचफुलाला फार वाटलं.

"कढण हाय, बाई. शिजवलेलं."

म्हातारीने गंजाकडे पाहिलं आणि पाय आखडून वाट दिली.

सत्यभामा खाटेवर उठून बसली. वाटीभर कढण प्यायली आणि वाटी पुन्हा पुढे केली.

"कसं झालं?"

"तोंडाले चवच नाही. मीठ बी समजून नाही राहिलं. पण बरं वाटते. दे अजून."

पंचफुलाला भरून आलं. ती उगाच पदराने खाटेची कड पुसत राहिली.

तेवढ्यात गोदावरीबाई आली आणि उरलेल्या कढणासकट गंज उचलून आत घेऊन गेली. बऱ्याच वेळाने मोरीवरून राखेने भांडं घासल्याचा आवाज येऊ लागला. घसाघसा, थांबता थांबेना. पंचफुलाचा चेहरा उतरला.

"जातो मी," ती सत्यभामाला म्हणाली.

अंगण ओलांडत होती तोच मागून हाक आली. म्हातारीच्या हातात लखलखीत गंज होता.

"हा घेऊन जा."

बाटला म्हणून घरातूनच काढला, पंचफुलाला वाटलं. तिने मान खाली घालून गंज घेतला.

"गंज तुमचाच हाय, बाई."

"मालूम हाय मले. मंग उद्या कशात आणशील?"

म्हातारी वळली आणि पायरीवर जरा थांबली.

"अन् मीठ थोडं कमी टाकजो."