छतासाठी हात द्या

या, असे पुढं सरका, सतरंजीवर जागा आहे. कीर्तनकार बुवांची गाडी अजून मानोऱ्यातच आहे म्हणे, ते येईपर्यंत आमच्या इंझोरीतली एक गोष्ट सांगतो.

आमच्या गल्लीत लखन राहतो. खताच्या दुकानात नोकरी, स्लॅबचं पक्कं घर, दारात नळ. त्या स्लॅबमधून आजवर पाण्याचा थेंब खाली आलेला नाही. पण त्याच्या साडूनं वाशिमला घर बांधलं आणि बैठकीला पीओपीचं छत केलं. मधोमध कमळ, कडेनं रंग बदलणारे दिवे. तिथलं वास्तूचं जेवण जेवून लखन आला तो मान वर करूनच. आपल्या बैठकीत उताणा पडायचा आणि वरच्या साध्या चुन्याकडं पाहून उसासे टाकायचा. जगात दुःखं काय कमी आहेत, त्यात हे एक!

दुसरा कोणी असता तर त्यानं पगारातून पैसे बाजूला टाकले असते. लखननं फोन काढला. त्याची आई, पंचफुलामाय, घरामागच्या गोठ्यापुढं बाजेवर बसून तूर निवडत होती. मागं छपराची गंजलेली टिनं, वाकलेल्या लाकडी बल्ल्या. त्यानं फोटो काढला आणि देणग्या गोळा करणाऱ्या एका वेबसाइटवर टाकला. खाली लिहिलं, ‘ही माझी आई. छतासाठी हात द्या.’ बस. गोठ्याला घर म्हणायची तसदीही घेतली नाही. ते काम वाचणाऱ्यांनी आपापल्या मनात केलं.

आम्हीही काही कमी नाही. भजनी मंडळाच्या ग्रुपवर तो मजकूर आला आणि रोज त्या घरावरून जाणारे आम्ही टाळकरी तो पुढं ढकलत राहिलो. कोणी म्हणालं, गोठ्याचं छत असेल, गाईचं पुण्य वेगळं थोडंच. कीर्तनात दुसऱ्याच्या दुःखानं आमचे डोळे भरून येतात; भिंतीपलीकडं डोकावायचं म्हटलं की गुडघे दुखतात.

पैसे आले. साडूकडं एक कमळ होतं, लखनकडं दोन उमलली. पंचफुलामायला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पोरानं पगारातून केलं म्हणून ती मंदिरात बायकांना कौतुकानं सांगत होती. मी लखनला पारावर गाठून विचारलं, तर तो म्हणाला, “मी काय खोटं लिवलं, काका? छतासाठी मागतले, छतालेच लावले.”

बुवा एका शब्दाचे दोन अर्थ उलगडतात तेव्हा आम्ही डोलतो. लखनच्या निरूपणात अर्थ दोन होते आणि दोन्ही त्याच्याच बैठकीत जाऊन बसले होते.

मग एका शनिवारी लखनला अकोल्याहून फोन आला. ज्योत्स्ना नावाची एक शिकवणी घेणारी बाई. तिनंही पैसे दिले होते. उद्या कारंज्याला दर्शनाला येतेय, तशीच पुढं येऊन आजींना भेटून जाईन, म्हणाली.

रविवारी सकाळी लखननं गाय शेजारच्या आवारात बांधली, गोठा झाडला, बाज टाकली, चूल मांडली. देवघरातली विठोबाची तसबीर काढून बल्लीला टांगली. आता मात्र आईला सगळं सांगणं भाग पडलं. दहा मिनिटं बस माय, नाहीतर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं म्हणून तो तिच्या पायाशी बसला. त्याची बायको निकिता दारात उभी राहून पदर चाळवत होती. माय उठली आणि गोठ्यात जाऊन बसली. मी कुंपणाशीच होतो. मला वाटलं, लेकासाठी हीसुद्धा सोंग घेणार.

ज्योत्स्नाबाई आली. साधी सुती साडी, हातात एक घोंगडी. मायच्या पाया पडली, शेजारी बसली. म्हणाली, “आजी, माझे बाबा गेले. तेरवीचं जेवण घातलं नाही. ते पैसे तुमच्या छताला दिले. बाबांना आवडलं असतं.” मग वर गंजलेल्या टिनांकडं पाहून तिनं विचारलं, काम अजून सुरू नाही झालं का. लखन लगबगीनं सांगू लागला की मिस्त्रीच भेटून नाही राह्यला.

माय त्याच्याकडं न पाहता म्हणाली, “बाई, इथं मी नाही राहत. इथं आमची गाय राह्यते.”

मग तिनं ज्योत्स्नाबाईचा हात धरला, तिला बैठकीत नेलं आणि भिंतीवरचं बटण दाबलं. कडेचे दिवे निळे झाले, गुलाबी झाले, हिरवे झाले.

“पाह्य. तुह्या बापाची तेरवी हे अशी लागली.”

ज्योत्स्नाबाईनं वर पाहिलं. रडली नाही, भांडली नाही. छान झालंय, एवढंच म्हणाली आणि चपला घालून निघाली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर लखनचं बरं झालं असतं.

त्या रात्री माय गोठ्यातच झोपली. दुसऱ्या दिवशीही. लखन रडला, निकितानं पाय धरले. मायचं एकच म्हणणं, “ज्याचे त्याचे पैसे देऊन ये, मंग घरात येतो.” तो म्हणाला, कोणाकोणाले देऊ, अर्ध्यांनी तं नावं बी नाही टाकली. ती म्हणाली, मग मी आहे इथंच, फोटोत दाखवलीच आहेस.

आता तीन महिने झाले. गाय एका कोपऱ्यात, माय दुसऱ्या. तिनं तसबिरीतल्या विठोबालाही परत आत जाऊ दिलं नाही. लखन दोन कमळांखाली जेवतो आणि मान वर करत नाही. लोक म्हणतात म्हातारी हट्टी आहे. म्हणोत. लखनचा तो मजकूर पुढं ढकलणाऱ्यांपैकी एकानंही अजून तिच्यासाठी एक टिन नेलेलं नाही, मी धरून.

तुम्ही कुठल्याही गावचे असा. आज देवापुढं हात जोडाल तेव्हा आमच्या पंचफुलामायची आठवण ठेवा.