नदीचा उतार कुणी दाखवला

हिनुमा गाव कुसाकाबे मित्सुओंना व्याख्यानाला बोलवायचं, पण चहाला कधी विचारायचं नाही. कुसाकाबे नदीपलीकडच्या ओरिकावाचे. सामुराईंच्या शेवटच्या युद्धात ओरिकावाने सम्राटाच्या फौजेपुढे शस्त्रं टाकली आणि दुसऱ्या दिवशी त्याच फौजेने नदी ओलांडून हिनुमा जाळलं. दीडशे वर्षं उलटली, तरी हिनुमातली म्हातारी माणसं ओरिकावाची सून करून घ्यायला कां कू करत.

कुसाकाबेंचं सगळं आयुष्य या युद्धाच्या अभ्यासात गेलं. तेही साऱ्या देशातल्या नव्हे, एका नदीच्या दोन काठांवरच्या. ते निवृत्त झाले आणि विद्यापीठाने तो विषयच बंद करून टाकला. पुस्तकं कुणी विकत घेत नसे. हिनुमातल्या व्याख्यानाला मात्र नुमाजिरी तेइजी हा टोफूवाला न चुकता येई. शेवटी उठून गरजे, "नदीचा उतार तुमच्याच लोकांनी शत्रूला दाखवला!" कुसाकाबे दरवेळी सांगत, की नदीला पूर होता, पायी ओलांडायचा उतार बुडालेला होता. दोघंही तसूभर हलत नसत.

यंदाच्या शरदात व्याख्यान संपलं आणि कुणीच उठलं नाही. नकाशा गुंडाळताना कुसाकाबेंनी संयोजक बाईंना विचारलं.

"नुमाजिरी होय? इस्पितळात आहेत. घरी परत येतील असं काही दिसत नाही."

बाहेर बायको सेत्सुको गाडीत बसली होती.

"इस्पितळात घे," ते म्हणाले.

"अगं बाई, काय होतंय तुम्हाला?"

"मला नाही. टोफूवाल्याला."

"जन्मभर छळलं की हो त्याने तुम्हाला!"

"म्हणून तर."

नुमाजिरी उशीत पार बुडून गेला होता. कुसाकाबे खुर्चीत बसले. व्याख्यानाने घसा सुकला होता, गुडघे ठणकत होते, आणि आता वाद घालायची ताकदच उरली नव्हती.

"नुमाजिरी-सान, तुमचंच खरं असेल. उतार आमच्याच लोकांनी दाखवला असेल."

म्हाताऱ्याने मान त्यांच्याकडे वळवली.

"कशावरून?"

"अं?"

"नवीन पुरावा मिळाला?"

"नाही."

"मग मी मरतोय म्हणून भीक घालताय होय?" नुमाजिरी कोपरावर उठायला धडपडला. "दुकान बंद ठेवून यायचो मी तुमच्याशी भांडायला! माझ्या पोरांना ह्या युद्धाचं सोयरसुतक नाही. एक तुम्ही होतात, तर तुम्हीही हात वर केलेत!"

कुसाकाबेंना भरून आलं. त्यांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला. मग बोटाने पांघरुणावर नदी काढली.

"हे बघा. पूर इथपर्यंत होता."

"असू दे. आणि होड्या?"

"कुठल्या होड्या?"

"पुरात माणूस होडीनेच जाणार ना, प्रोफेसर? तुमच्या नावाड्यांच्या होड्या त्या दिवशी कुठल्या काठाला होत्या?"

उताराचाच विचार कुसाकाबेंनी जन्मभर केला होता. नावाड्यांचा कधीच नाही.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

नुमाजिरी समाधानाने मागे टेकला. "मग शोधा. बसलाय काय इथे?"

पुढे पंधरवडाभरातच तो गेला. अंत्यविधीला त्याच्या मुलाने कुसाकाबेंना आत नेऊन बसवलं, समोर चहा ठेवला आणि तो अवघडत म्हणाला, "बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, तुमचं चुकतंय."

"असेलही," कुसाकाबे म्हणाले आणि चहा संपवला.

परतताना त्यांनी सेत्सुकोला नदीकाठच्या कोळीवाड्यापाशी गाडी थांबवायला सांगितली. जुन्या नावाड्यांची दोन-तीन घरं तिथे अजून होती.

"आज तरी राहू द्या हो. चेहरा बघा कसा उतरलाय."

"हो, दमलोय खरा," ते म्हणाले, आणि दाराला धरून सावकाश खाली उतरले.