आठ गढूळ नळ्या

हिल्काने सातव्या मासोळीचं मुंडकं दातांनी तोडलं, शांतपणे चावलं आणि समोरच्या टेबलावर बसलेल्या प्राध्यापक राउनो कूसेलाकडे बघितलं. बोटभर लांबीच्या या तळलेल्या मासोळ्या इथे, कुओपिओ गावात, सगळेच मुंडक्यासकट खातात. पण मुंडकं आधी, वेगळं काढून, समोरच्या माणसावर नजर रोखून खायची रीत तिची एकटीची होती.

"माशांनी काय घोडं मारलंय तुझं?" शेजारी बसलेल्या हेल्दुरने विचारलं. तो समुद्रापलीकडून, तार्तूहून आला होता. तिथल्या प्रयोगशाळेतले रक्ताचे नमुने तो सांभाळायचा.

"माशांनी काही नाही," हिल्का म्हणाली. "मीठ जरा कमी आहे."

दुपारी विद्यापीठात फिलिपा किंतेला या पोर्तुगालच्या मुलीने आपला प्रबंध तीन तास लढवला होता. लढवला म्हणजे खरोखरच लढवला. समोर प्रतिवादी म्हणून गेंटच्या गोडेलीव्ह बाई बसल्या होत्या, आणि त्या प्रश्न विचारायला लागल्या की भिंतीवरचं घड्याळसुद्धा जरा सावरून चालतं असं म्हणत. फिलिपा जिंकली. जिंकलेल्याने प्रतिवाद्याला जेवू घालायचं, म्हणून सरोवराकाठच्या या खानावळीत हा कारोन्का. जून महिना, सातचा सुमार आणि ऊन अजून टेबलावर पाय पसरून बसलेलं.

कारोन्क्याचा नियम साधा होता. जेवण झालं की नव्या डॉक्टरने उभं राहून एकेकाचं नाव घेऊन आभार मानायचे. ज्याचे आभार मानले त्याने त्याच क्रमाने उठून उत्तर द्यायचं. द्यायचंच; घसा बसला असला तरी. आणि ज्याचं नाव घेतलं गेलं नाही त्याने तोंड फक्त खाण्यापुरतं उघडायचं.

हिल्का आजवर सतरा कारोन्के जेवली होती आणि सतराही वेळा तिने तोंड खाण्यापुरतंच उघडलं होतं. तिचा तो काळा झगा पहिल्या कारोन्क्याला शिवलेला, नंतर दोनदा उसवून सैल केलेला. मांडीवरच्या पर्समध्ये चार पानी भाषण होतं. तेही पहिल्याच कारोन्क्याचं, दर दोन-तीन वर्षांनी नव्या कागदावर उतरवून काढलेलं. झग्यासारखं ते मात्र सैल झालं नव्हतं. पण तिचं नाव कुणी घेतच नसे. कारण आभाराचं भाषण आधी राउनोला दाखवायचा प्रघात होता, आणि राउनो लाल पेनाने एक ओळ नेमकी खोडायचा.

"लांबण नको," तो प्रेमाने म्हणायचा. "लोकांना कॉफी प्यायची असते."

गोष्ट एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या चौदा मार्चची. हिल्का तेव्हाही विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नमुने सांभाळायची; तिथल्या शीतगृहात एकशे वीस मुलांच्या रक्ताच्या नळ्या रांगेत लावल्या होत्या. सकाळी हिल्काने दार उघडलं, तर त्यातल्या आठ गढूळ. तिने त्या कोमट पाण्यात धरल्या; गढूळपणा जाईना. मग तिने मुलांच्या याद्या काढल्या. आठही मुलं यकृताच्या त्याच एका दुर्मिळ आजाराची निघाली. तिने आपल्या वहीच्या चौसष्टाव्या पानावर निळ्या पेन्सिलीने आठ वर्तुळं काढली, आत रेघा मारल्या, शेजारी मुलांचे क्रमांक लिहिले. राउनो तेव्हा काटकुळा तरुण डॉक्टर होता. "जरा वाचून देतो," म्हणाला आणि वही घेऊन गेला.

दीड वर्षाने ती गढूळ वर्तुळं एका मोठ्या नियतकालिकात छापून आली. वर राउनोचं नाव, खाली आणखी तिघांची. अगदी शेवटी, बारीक अक्षरांत आभार. त्यात शीतगृह दुरुस्त करणाऱ्याचंही नाव होतं. हिल्काचं नव्हतं. तिने वही मागितली.

"कुठली वही?" राउनो म्हणाला. इतक्या निरागसपणे, की दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा हिल्कालाच घटकाभर वाटलं, आपण लिहिलंच नव्हतं की काय. तिसऱ्यांदा विचारल्यावरही तेच, "कुठली वही?" चौथ्यांदा तिने विचारलं नाही. त्याऐवजी विभागाची कॉफी करायचं काम मागून घेतलं.

त्या दिवसापासून राउनोच्या वाट्याला येणारी कॉफी अशी पातळ झाली, की कपाच्या तळाला छापलेलं कारखान्याचं नाव वरून वाचता यायचं. वार्षिक सहलीला सौना, म्हणजे वाफेने अंघोळ करायची खोली, तापवायचं कामही तिच्याकडे असे. पुरुषांची पाळी आली की ती दोन ओंडके जास्त सारायची. एका वर्षी राउनो असा शिजून बाहेर आला, की दुसऱ्या दिवशी बैठकीतही त्याच्या मिशांतून वाफ निघत होती. पाहणारे अजून शपथेवर सांगतात. पण पातळ कॉफीने कुणाचं भांडं फुटत नाही, आणि वाफ शेवटी विरते. आता सप्टेंबरात हिल्का निवृत्त होणार होती. त्याआधी, या येत्या सोमवारी, गेंटमध्ये पाच देशांची माणसं बसून, त्या गढूळपणावरूनच निघालेल्या नवजात बाळांच्या चाचणीचं नाव ठरवणार होती. कागद तयार होता. कूसेला चाचणी. एकदा ते पाच भाषांत छापलं गेलं की चौसष्टावं पान जगात कधी नव्हतंच.

"एवढी माणसं एका ताटात जेवताना बघून बरं वाटतं," हेल्दुर जरा मोठ्यानेच म्हणाला. "तेरा वर्षं झाली आपल्या पाच देशांच्या या सहकार्याला!"

"बारा," समोरच्या टेबलावरून आवाज आला. राउनोने वळूनही पाहिलं नव्हतं. "ऑक्टोबरात बारा होतील."

हेल्दुर ओशाळून हसला. "याला झोपेतसुद्धा चुकीचा आकडा चालत नसेल."

"याच्या भावाच्या दफनाला पाद्रीबुवांनी जन्मसाल एकाने चुकवलं," हिल्का म्हणाली. "हा रडता रडता उठला, दुरुस्त केलं आणि पुन्हा रडायला बसला."

"उगाच सांगतेस."

"मी तिसऱ्या रांगेत होते."

वाढणारी बाई ताटल्या उचलायला आली. हिल्काच्या ताटलीत एक मासोळी उरली होती. तिने ताटलीवर हात ठेवला. "राहू दे. मला अजून वेळ आहे."

फिलिपा उभी राहिली. हातातल्या कागदाकडे बघत तिने गोडेलीव्ह बाईंचे आभार मानले, मग राउनोचे, मग परीक्षकांचे, हेल्दुरचे आणि ग्राझच्या मंडळींचे. कागदावरची शेवटची ओळ लाल रेघेखाली गेलेली हिल्काला बसल्या जागेवरूनही दिसत होती. फिलिपाने कागदाची घडी घातली. हिल्काने पर्सची कडी बंद केली.

"आणि दोना हिल्का," फिलिपा म्हणाली. तिच्या गावी वडीलधाऱ्या बाईला अशीच हाक मारतात. कुओपिओत सगळेच एकमेकांना तू म्हणतात, त्यामुळे पहिल्या वर्षी हिल्का या हाकेवर वैतागली होती. "मला नळी धरायलासुद्धा येत नव्हती. तुम्ही शिकवलंत. सर म्हणाले होते भाषण आखूड कर. केलं. पण माझी आई विचारेल, त्या बाईंचं नाव घेतलंस ना? तिला मी काय सांगू?"

राउनोचा पेला ओठांपाशी थांबला. मग त्याने तो खाली ठेवला, जरा जास्तच हळू.

उत्तरं सुरू झाली. गोडेलीव्ह बाई थोडक्यात आणि चोख बोलल्या. मग राउनो उठला. त्याने आपली नेहमीची गोष्ट काढली, पण आज ती भलतीच रंगवली. मार्चची सकाळ, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि एक तरुण डॉक्टर शीतगृहाचं दार उघडतो. "समोर बघतो, तर आठ नळ्या गढूळ!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बसताना त्याने हिल्काकडे पाहून मान डोलावली, जसं काही ती गोष्टीतली बर्फ उपसणारी बाई होती.

बाकीची उत्तरं झाली. हिल्का उठली. पर्स तिने खुर्चीवरच ठेवली. तिची इंग्रजी शीतपेट्यांच्या माहितीपुस्तकांतून आलेली होती, त्यामुळे प्रत्येक वाक्य सूचनेसारखं पडायचं.

"प्रिय डॉक्टर फिलिपा. तू झाकणं घट्ट लावतेस. क्रमांक स्वच्छ लिहितेस. या प्रयोगशाळेत माझ्या पाहण्यात आलेल्यांत तुझा हात दुसरा."

"पहिला कुणाचा?" हेल्दुर ओरडला.

"माझा."

सगळे हसले. राउनोही हसला, त्याचे खांदे जरा खाली आले.

"मलाही एकाचे आभार मानायचे आहेत," हिल्का म्हणाली. "राउनो, चौऱ्याण्णव साली चौदा मार्चला मी तुला माझी वही वाचायला दिली. निळ्या पुठ्ठ्याची. तिच्या बासष्टाव्या पानावर मी आठ वर्तुळं काढली होती. त्या सकाळी शीतगृहाचं दार मी उघडलं होतं. ते पान तू इतकं मन लावून वाचलंस, की वही परत करायला तुला अजून सवड झालेली नाही. माझं अक्षर इतक्या आवडीने दुसऱ्या कुणी वाचलं नाही. आभारी आहे."

ती बसली.

बाहेर एक होडी धक्क्याला आपटली. मग एकेक मान राउनोकडे वळली, कारण आभार मानले गेले होते आणि नियम नियम होता. एकाच जेवणात एकाच माणसाला दोनदा उठावं लागल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. गोडेलीव्ह बाईंनी चमचा खाली ठेवला.

राउनो उठला. त्याच्या चेहऱ्यावर तो निरागसपणा आला होता, जो हिल्काने तीनदा जवळून पाहिला होता. फक्त आता त्याखालचं कातडं सैल झालेलं होतं.

"हिल्का, अगं हिल्का," तो म्हणाला. "इतकी वर्षं आपण एकत्र काढली. आठवणी अशाच असतात, एकमेकींत मिसळतात. मला अशी कुठली वही आठवत नाही. तू म्हणतेस ते पान..."

तो थांबला. त्याचा जबडा हलला, जणू घशात बारीक काटा अडकला असावा. त्याने पाण्याचा घोट घेतला. काटा गेला नाही.

"पान बासष्ट," हिल्काने बसल्या जागेवरून मदत केली.

"हो, ते तू म्हणालीस. मी एवढंच म्हणतोय, की असं काही पान..."

"बासष्ट. उजव्या हाताचं."

"चौसष्ट," राउनो म्हणाला. "डाव्या हाताचं. चौसष्ट."

शब्द बाहेर पडल्यावर त्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं ते दुसऱ्याच कुणाच्या तोंडून टेबलावर सांडले होते. फिलिपाने तोंडावर हात ठेवला. हेल्दुर आधी हिल्काकडे बघत राहिला, मग तिच्या बंद पर्सकडे. गोडेलीव्ह बाईंनी आपली खुर्ची सावकाश वळवली, राउनोच्या पुरती समोर. दुपारी पहिला प्रश्न विचारण्याआधी त्यांनी अशीच वळवली होती.

"चौसष्ट. माझीच चूक," हिल्का म्हणाली. "दुरुस्त केलंस. आभारी आहे, राउनो."

आणि आभार मानले गेले होते, त्यामुळे राउनोला बसता येईना. तो टेबलाची कड धरून उभा राहिला. कॉफी घेऊन आलेली बाई दारातच थबकली.

हिल्काने ताटली पुढे ओढली, उरलेली मासोळी उचलली आणि कुओपिओत सगळे खातात तशी, मुंडक्यासकट, एका घासात खाल्ली.