कोटातला माणूस

सुदर्शनने शिडीवर चढून बॅनरची वरची दोरी सोडायला घेतली, तेवढ्यात खालून आवाज आला.

"ऱ्हाऊ दे. उतर खाली."

शिनोलीच्या फाट्यावर, बॅनरच्या बरोबर खाली, बाळासाहेब तात्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. वर त्यांचाच फोटो होता, निळ्या कोटातला, भोवती हार. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आज तात्यांचा पासष्टावा वाढदिवस होता. त्यांचा 'उदंड आयुष्य लाभो'चा बॅनर पलीकडच्या वस्तीवर, चार दिवसांपूर्वी गेलेल्या ज्योतिबाच्या फोटोसह त्याच्याच दारात लागला होता. तो सुदर्शनने शिव्या खात आधीच उतरवला होता.

"चुकलं तात्या. चष्म्याची एक काच फुटलीया. फोटोंची अदलाबदल झाली."

"सकाळधरनं चाळीस माणसं येऊन गेली. मेव्हणा धा वर्षं बोलत नव्हता, येऊन ढसाढसा रडला. मी जिता हाय कळल्यावर पुन्हा अबोला."

सुदर्शन शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. घोडेगावात त्याचं बॅनरचं दुकान होतं. गिऱ्हाईक वाढदिवस दणक्यात करायचं आणि पैसे पुढच्या वाढदिवसाला द्यायचं. चष्म्यासाठी जेमतेम दोन हजार बाजूला पडले होते. आणि आठवडाभर मोबाईलवर एक मेसेज येत होता: 'घरबसल्या परदेशी डिझाईनची कामे. नोंदणी फी फक्त १९९९. आज सहापर्यंत.' कालही 'आज सहापर्यंत'च होतं. रोज तो मेसेज उघडायचा, वाचायचा, मिटायचा. आज एवढ्या शिव्या खाल्ल्यावर तो फी भरायच्याच बेतात होता.

"तात्या, काम मिळायच्या आधी पैसं भरावं का?"

"कांदा काढायचा मुकादमबी मजुरी मिळाल्यावर आपला वाटा घेतो. आण, बघू."

तात्यांनी फोन लांब धरला. जाहिरातीत एक तरुण हसत होता. 'राहुल. महिना चाळीस हजार.'

"ह्यानं माझा कोट घातलाय," तात्या म्हणाले.

"आवो तात्या, तुमी जल्मात कोट घातला नाय."

"मग वर काय हाय? सकाळपासून त्याच्याखाली बसलोय. लाल टाय, खिशात रुमाल. बघ."

त्यांनी आपला चष्मा काढून दिला. सुदर्शनने तो घातला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. कोट तोच होता. बिनमुंडक्याचा तो कोट त्याच्या कॉम्प्युटरमध्ये सात वर्षं पडून होता. अर्ध्या तालुक्याची डोकी त्याने त्यावर बसवली होती. राहुलची मान मात्र वाकडी बसली होती, कॉलरशी पांढरी रेघ दिसत होती.

तो बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिला. मग अंगठ्याने हळूहळू लिहिलं: 'तुमच्या फोटोतली मान वाकडी आहे. मी नीट बसवून देतो. काम द्याल का?'

मिनिटात उत्तर आलं.

'नक्की सर! भरपूर काम आहे. फक्त आधी १९९९ भरा.'

सुदर्शनने फोन खिशात घातला. तात्यांचा चष्मा परत द्यायला काढला, पण हातातच धरून ठेवला.

"तात्या, ह्यो कुठं केला?"

"मंचरला. डोळं तपासायचं पैसं घेत नायत."

घोडेगावकडून एक मोटरसायकल येताना हळू झाली. मागच्या माणसाच्या हातात हार होता. तात्यांनी घाईने हात पुढे केला.

"दे तो इकडं, कोण हाय दिसू दे. आन तू जा मंचरला. बॅनर सांजच्याला काढ."